फुटले कोणाचे?

मडके घ्यायचे ते वाजवून घ्यावे, हे आमच्या घरात नव्या सुनेला पहिल्याच वर्षी शिकवले जाते. डाव्या तळहातावर मडके तोलून धरायचे, उजव्या हाताच्या बोटाने त्याच्या पोटावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. नाद खणखणीत उमटला तर मडके चांगले. आवाज बद्द आला तर डोळ्यांना न दिसणारा तडा कोठेतरी आहे असे समजून ते बाजूला ठेवायचे. बाजारातला सगळा व्यवहार त्या एका टिचकीवर पुरा होत असे. पैसे मोजले, मडके कडेवर घेतले, की पुढे वाटेत ठेच लागून ते फुटले तर ते घेणाराचे फुटले. खापऱ्या पदरात बांधून कोणी कुंभाराशी भांडायला परत गेल्याचे निदान आमच्या ऐकिवात नाही.

गेली काही वर्षे आम्ही मात्र ज्याला ती टिचकी मारता येत नाही अशाच गिऱ्हाइकाला मडकी विकत आहोत. आम्ही म्हणजे बेळगावातल्या एका घरातल्या दोघी जावा. जुन्या घराच्या पुढच्या सोप्यात आमचे दुकान आहे. पण त्याला पाटी नाही आणि गिऱ्हाईक कधी दारात येत नाही. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. कुंभाराचा वर्षाचा हंगाम तो हाच. बेळगावाहून पंचवीस-सव्वीस किलोमीटरांवर असलेल्या खानापूरची माती आणि तिथली मडकी या भागात पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत; खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तेथेच आहे. ज्या कुंभाराच्या घरून आमच्या सासूबाई माठ आणीत, त्याच्या अंगणात त्या चैत्रात माठांच्या, हंड्यांच्या, दह्याच्या मडक्यांच्या उतरंडी तशाच उभ्या राहिल्या. आठवड्याचे बाजार बंद. धाकटीच्या मुलाने गंमत म्हणून त्या उतरंडींचे फोटो काढून एका ऑनलाइन बाजारात टाकले. टाळेबंदी सैल होताच मागण्या येऊ लागल्या, आणि गंमतीचा धंदा झाला.

धंदा म्हटले की नफातोटा आलाच, आणि त्याची मानसिक तयारी आम्ही केली होती. फुटलेल्या मालावरून अनोळखी माणसांशी जो पत्रव्यवहार करावा लागतो, त्याची तयारी मात्र कोणीच कोणाला शिकवीत नाही. आपल्या मासिकाच्या वाचकांतही घरून लोणची, मेतकूट, दिवाळीचा फराळ, गोधड्या दूरदूर पाठवणाऱ्या भगिनी आहेत. गोधडी फुटत नाही, एवढे भाग्य. परंतु लोणच्याची बरणी आणि चकलीचा डबा यांना आमचेच दैव आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

या भांडणाची विचित्रता अशी की, ज्या दोघांत ते जुंपते त्यांपैकी कोणीच वस्तू फोडलेली नसते. आम्ही ती धडधाकट पाठवलेली असते, घेणाराने ती फुटकी उघडलेली असते, आणि जेथे ती फुटली ती जागा – एखाद्या गोदामाचा धक्का, एखाद्या मालमोटारीची फळी, सरकत्या पट्ट्याचे एखादे वळण – दोघांनीही पाहिलेली नसते. फोडणारा हजर नसलेल्या फुटीचा हा पंचनामा. त्यात घेणाराकडे असतो एक फोटो, आणि आमच्याकडे असतो आमचा शब्द. फोटोपुढे शब्द टिकत नाही, हे आम्ही लौकरच शिकलो.

पहिली मोठी तक्रार नागपूरहून आली. पाण्याचा माठ होता. मजकूर एका ओळीचा : ‘माठ फुटका मिळाला, पैसे परत करा.’ ना नमस्कार, ना नाव. थोरलीला त्या ओळीचा राग आला, आणि धाकटीने तिला उत्तर लिहू दिले नाही, हे बरेच झाले. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांचा फोन आला. आवाज वृद्ध होता. त्यांना मोबाइलवर मराठी लिहिण्याची सवय नव्हती, नातवाने दोन शब्दांत काम भागवले होते. आजोबांना पैशांपेक्षा याची खंत अधिक की, माठ उघडताना घरची सगळी मंडळी भोवती जमली होती. दुसरा माठ गेला, तो नीट पोचला, आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्याकडून आणखी तीन माठ वेगवेगळ्या नातलगांना पाठवले. तेव्हापासून आमचा एक शिरस्ता आहे. तक्रार कितीही कोरडी असो, पहिले उत्तर त्याच दिवशी द्यायचे, त्यात प्रथम वस्तू फुटल्याचे वाईट वाटते एवढेच लिहायचे, आणि दोष कोणाचा हा शब्द त्या पत्रात येऊ द्यायचा नाही. ‘आम्ही तर नीट बांधले होते’ हे वाक्य खरे असले तरी पहिल्या पत्रात ते वाचणाराला ‘मग तुम्हीच फोडले असेल’ असे ऐकू येते.

कायद्याचे म्हणाल, तर तो कसा फिरला हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. थोरलीचे यजमान जिल्हा न्यायालयात कारकून होते, त्यामुळे घरात जुनी पुस्तके आहेत. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याच्या एकोणचाळिसाव्या कलमात असे आहे की, विकणाराने माल वाहतूकदाराच्या हवाली केला म्हणजे सकृद्दर्शनी तो घेणाराच्या हवाली झाला असे समजावे. म्हणजे आमच्या बाजारातल्या रीतीचाच हा छापील अवतार. मात्र त्याच कलमात पुढे एक अट आहे : मालाचे स्वरूप ध्यानात घेऊन विकणाराने वाहतूकदाराशी योग्य तो करार करायला हवा, तो न केल्यामुळे माल वाटेत बिघडला तर घेणारा ती हवाली नाकारू शकतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या कायदेपंडितांना मडक्यांची माहिती असावी असे वाटते.

आता २०२० च्या जुलैत आलेले ग्राहक संरक्षणाचे ऑनलाइन व्यापारविषयक नियम घ्या. त्यांनुसार माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा दिलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर विकणाराला तो परत घ्यायला वा पैसे परतवायला नकार देता येत नाही. तक्रार आली की बाजार चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचे निवारण करावे. एवढ्याने समाधान झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली घेणाराला स्वतःच्या गावच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर तेथे शुल्कही पडत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहेच. घेणाराच्या बाजूने विचार केला तर हे सर्व योग्य आहे असेच आम्ही म्हणू. नागपूरच्या आजोबांनी ना कुरिअर निवडला, ना खोका बांधला. मग जोखीम त्यांनी का घ्यावी?

पण मधल्या माणसाचे काय? तो मात्र जुन्या कायद्यातच सुखाने राहिला आहे. कुरिअरच्या पावतीच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरांत त्याची जबाबदारी अमुक रुपयांपलीकडे नाही असे छापलेले असते, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात सही केलेल्या कागदावरची शंभर डॉलरांची मर्यादा ग्राह्य धरली होती. टपाल खात्याला तर १८९८ च्या कायद्यानेच नुकसानीच्या जबाबदारीतून सूट होती. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला, त्यातही खात्यावर नियमांनी ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे काही पडत नाही. रेल्वेच्या पावतीवरचे ‘मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द तर आपल्या आजोबा-पणजोबांनाही पाठ असतील. अशा रीतीने घेणारापुढे आम्ही संपूर्ण बांधलेल्या, आणि वाहतूकदारापुढे आमचे हात रिकामे. विम्याची सोय असते, पण मातीच्या वस्तूला विमा देताना समोरचा माणूस असा हसतो की अर्ज मागायचा धीर होत नाही. जेथे तो मिळतो तेथे ‘ठिसूळ माल वगळून’ असे एक कलम बहुधा आडवे येते.

तेव्हा न्याय मिळवण्यापेक्षा मडके वाचवणे स्वस्त, असे ठरवून आम्ही बांधणीच्या मागे लागलो. या विषयावर एक स्वतंत्र लेख होईल; येथे कामापुरते सांगतो.

खानापूरचे कुंभार गाडीत माल भरताना भाताचा पेंढा वापरतात, आणि त्याला तोड नाही. पेंढा दबतो, परत फुलतो, आणि मडक्याच्या गोलाव्याला अंगच्या कपड्यासारखा बसतो. आम्हीही प्रथम पेंढाच वापरला. मडकी सुखरूप पोचली, आणि तक्रार आली की खोका उघडताच दिवाणखान्यात काड्यांचा उकिरडा झाला, शिवाय एक किडा निघाला. त्या बाईंनी त्या किड्याचा फोटोही पाठवला होता. तोही आम्हांला खानापूरचाच वाटला, म्हणून वाद घातला नाही. पेंढा गेला आणि जाड पुठ्ठ्याचे पाचपदरी खोके, हवेच्या फोडांचे प्लॅस्टिक आणि चुरगाळलेला कागद आला.

मालाच्या बांधणीची परीक्षा ठरवून देणारी इस्टा नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या प्राथमिक परीक्षेत साडेनऊ किलोपर्यंतचा बांधलेला खोका शहात्तर सेंटिमीटर उंचीवरून, म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा टाकतात : एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा, आणि मग सहाही बाजूंवर. आम्ही ही परीक्षा सोप्यात घेतली. पहिल्या दिवशी चार हंड्या फुटल्या, शेजारच्या काकू काय भांडण झाले म्हणून धावत आल्या. पण त्या चार हंड्यांनी जे शिकवले ते कोणा अधिकाऱ्याने शिकवले नसते. मडके बाहेरच्या धक्क्याने क्वचित फुटते. ते फुटते खोक्याच्या भिंतीला टेकल्यामुळे, किंवा आत स्वतःचीच झाकणी त्याच्या काठावर आपटल्यामुळे. झाकणी निराळी गुंडाळून पोटात कागदाच्या बोळ्यांत बसवली, मडके एका खोक्यात आणि तो खोका चहूकडून पाच सेंटिमीटर जागा सोडून दुसऱ्या खोक्यात ठेवला, की दहापैकी दहा पडझडी ते सोसते. बाहेर काचेच्या प्याल्याचे लाल चित्र चिकटवतो तेही, पण ते देवाला फूल वाहावे तसे. सरकत्या पट्ट्याला चित्रे वाचता येत नाहीत.

एवढे झाल्यावर आमची अडचण संपायला हवी होती. प्रत्यक्षात नवी अडचण येथेच सुरू झाली. बहुतेक कुरिअरवाले पार्सलाचे दोन प्रकारे वजन काढतात. एक काट्यावरचे, दुसरे आकारमानाचे, म्हणजे लांबी, रुंदी, उंचीचे सेंटिमीटर एकमेकांना गुणून पाच हजारांनी भागायचे. दोहोंत जे जास्त, त्याचे भाडे. आमची मधली हंडी एकेरी खोक्यात चोवीस सेंटिमीटर चौरस बसते : भाड्याचे वजन २.७६ किलो. तीच दुहेरी खोक्यात चौतीस सेंटिमीटर होते, आणि वजन होते ७.८६ किलो. चहूकडून पाच सेंटिमीटर हवा घातली, तर त्या हवेचे पाच किलोंहून अधिक भाडे! हंडीची किंमत दोनशे ऐंशी, आणि तिच्या भोवतीच्या पोकळीला त्याहून जास्त मोजायचे. गिऱ्हाइकाला भाडे सांगितले की तो शेजारचा स्वस्त माल घेतो, तो फुटका पोचतो, आणि मग तो म्हणतो, ऑनलाइन मडकी घेऊच नयेत. ऑनलाइन विक्रीत जी फूट होते तिचे मूळ हमालाच्या हातात शोधण्यापेक्षा या भागाकारात शोधावे, असे आमचे मत झाले आहे. हमाल तरी काय करील? त्याला तासाला इतके खोके हलवायचे असतात.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. चौदा रुपयांची मातीची पणती आणि आठशेचा माठ यांना एकच बांधणी देणे सोडून दिले. माठ दुहेरी, दह्याची छोटी मडकी सहा-सहांच्या कप्प्यांत एकेरी, आणि पणत्या एकात एक न घालता उभ्या ओळींनी. दर शंभर रुपयांच्या विक्रीतले आठ रुपये बाजूला काढून ‘तूटफूट खाते’ असे एक वेगळे खाते वहीत उघडले. कुरिअरकडून चुकून भरपाई आली तर ती त्यात जमा, गिऱ्हाइकाला दिलेला परतावा त्यातून खर्च. कुंभाराचे पैसे मात्र माल उचलतानाच चुकते करायचे आणि वाटेतल्या फुटीशी त्याचा संबंध ठेवायचा नाही, हे थोरलीने पहिल्या दिवशी ठरवले होते, ते आजवर पाळले आहे. ऑनलाइन धंद्यातले काहीजण फुटलेला नग कारागिराच्या हिशेबातून कापतात, हे आम्ही कुंभाराच्याच तोंडून ऐकले. तो त्याबद्दल कडवटपणे बोलला नाही. एवढेच म्हणाला, “वैनी, मडकं फुटायचंच. ते फुटलं नाही तर दुसरं घेतंय कोण, आणि आम्ही खायचं काय? पण फुटलेल्याचं आमच्याकडनंच घेतलं, तर मग आवा लावायचा तरी कशाला?” परत आलेल्या खापऱ्या आम्ही त्याला नेऊन देतो. त्यांची पूड मातीत थोडी मिसळली की मडके वाळताना कमी आकसते, तडकत नाही.

सगळ्याच तक्रारी फुटीच्या नसतात. नव्या माठाच्या तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक ‘माठ गळतो’ अशा असतात, आणि त्यांतले बरेचसे माठ उत्तम असतात. मातीच्या भांड्याला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन उडून जाते, आणि त्या उडण्यानेच आतले पाणी गार होते. न पाझरणारा माठ हा माठच नव्हे. परंतु जी पिढी फ्रिजच्या पाण्यावर वाढली, तिला फरशीवरचे ओले वर्तुळ म्हणजे फसवणूक वाटते, आणि तिचे काही चुकते असेही नाही. तिला कोणी सांगितलेलेच नाही. आम्ही आता प्रत्येक माठात मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत एक चिठ्ठी घालतो : माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग भरून कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. सगळ्या अंगाला सारखा घाम आला तर तो पाझर. एकाच रेघेवर ओल धरून थेंब पडू लागला तर तो तडा. फोटो पाठवा, पैसे परत. या चिठ्ठीने जितके वाद मिटवले, तितके आमच्या कोणत्याही आर्जवी पत्राने मिटवले नसतील.

आता ज्या प्रकरणावरून आमच्या दोघींत अद्याप एकमत नाही, ते सांगतो.

बंगळूरच्या एका बाईंनी दह्याची चोवीस मडकी मागवली. घरी सुनेचे सीमंत, म्हणजे आपल्याकडचे डोहाळजेवण, होते. आलेल्या सुवासिनींना दह्याने भरलेले एकेक मडके द्यावे अशी कल्पना. कल्पना आम्हांला इतकी आवडली की प्रत्येक मडक्याच्या गळ्याला आम्ही लाल दोरा बांधून पाठवला. सहा-सहांचे चार खोके गेले. तिसऱ्या दिवशी तक्रार आली : चोवीसपैकी अकरा फुटली. सोबत एका ढिगाचा फोटो.

धाकटी हिशेबाला पक्की. तिने तो फोटो मोठा करून काठ मोजले. मडके कितीही फुटले तरी त्याचा काठ दोन-तीन मोठ्या तुकड्यांत शाबूत राहतो, आणि त्याला आमचा लाल दोरा होताच. सहा मडक्यांचे काठ जुळले. सातव्याचा एखादा तुकडा असेल नसेल. शिवाय कुरिअरवाल्याने दारात ठेवलेल्या चारही खोक्यांचा जो फोटो घेतला होता, त्यात त्यांचे कोपरे ताठ होते. अकरा मडकी फुटावीत आणि खोक्याला पोचा पडू नये, हे तिला पटेना. थोरली म्हणाली, “अगं, चार-पाच फुटकी त्यांनी आधीच केरात टाकली असतील. घरात कार्य आहे, खापऱ्या कोण जपून ठेवतंय?” धाकटी म्हणाली, “असेल तसंही, अक्का. मग तसं सांगू देत. विचारण्यात काय आहे?”

आम्ही विचारले. शक्य तेवढ्या मवाळ शब्दांत, फुटल्याबद्दल आधी खेद व्यक्त करून, राहिलेल्या तेरा मडक्यांचा एक फोटो मिळेल का, असे विचारले. आज बरेच विकणारे खोका उघडतानाचा अखंड व्हिडिओ नसेल तर तक्रारच ऐकत नाहीत. नियमांत त्या व्हिडिओचा शब्दही नाही, आणि आलेल्या पार्सलावर प्रत्येक माणसाने चोर पकडायला बसल्यासारखा कॅमेरा रोखावा हे आम्हांला रुचतही नाही. एका फोटोची विनंती त्यामानाने सौम्यच होती. उत्तर आले ते असे : ‘माझ्या घरी पन्नास पाहुणे आहेत, आणि तुम्ही मला खापऱ्या मोजायला सांगता?’

त्यानंतर आमचा संबंध संपला. बाजार चालवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या दिवशी चोवीसही मडक्यांचे पैसे आमच्या खात्यातून वळते करून त्यांना दिले. तेरा शाबूत मडकी परत मागवली नाहीत. आम्ही काठांच्या हिशेबासह निवेदन दिले, त्याला छापील उत्तर आले. मालाच्या पानावर एक तारा आणि पुढे वाक्य : ‘माल फुटका, वर खोटे ठरवतात.’ तो एक तारा आमच्या इतर साऱ्या ताऱ्यांच्या वर कितीतरी महिने बसून होता. पैसे गेल्याचे त्या खात्याने सोसले. पण ‘खोटे ठरवतात’ या दोन शब्दांवर धाकटीने दोन रात्री झोप घालवली. थोरली मात्र त्या सुनेचा विचार करीत होती. डोहाळजेवणाच्या दिवशी घरात फुटलेल्या मडक्यांचा ढीग हे कोणाही सासूला सहजी पचणारे दृश्य नव्हे. तिच्या जागी आपण असतो तर आपल्या उत्तरात याहून गोडवा असता का?

विचारण्यात गैर काही होते असे आम्हांला आजही वाटत नाही. सहा मडकी फुटली की अकरा, हेही आम्हांला आजतागायत ठाऊक नाही. समोरासमोरचा बाजार असता तर त्या बाईंचा चेहरा पाहून आम्हांला कळले असते, आणि आमचा पाहून त्यांना. येथे दोन्हीकडे नुसती अक्षरे. अक्षरांत माणूस जेवढा रागीट दिसतो तेवढा तो बहुधा नसतो, आणि जेवढा लबाड वाटतो तेवढाही. पण हे ‘बहुधा’ वहीत कोणत्या रकान्यात मांडावे, यावर थोरलीचे आणि धाकटीचे जमत नाही. थोरलीचे म्हणणे, शंभरात पाच जण खोटे बोलतील हे गृहीत धरून तेवढे आठ रुपयांत बसवावे, आणि उरलेल्या पंचाण्णवांना एक प्रश्नही विचारू नये. धाकटीचे म्हणणे, न विचारता दिलेले पैसे म्हणजे खोट्याला पगार. शिवाय त्या पाचांचे ओझे शेवटी किमतीत चढते आणि पंचाण्णवांच्याच डोक्यावर बसते. दोन्ही म्हणणी आम्हांला पटतात, आणि म्हणूनच पंचाईत होते. सध्या असे चालले आहे की पाचशे रुपयांपर्यंतची तक्रार थोरली पाहते आणि त्यावरची धाकटी. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नाही. ठाऊक झाले तर सगळे पाचशेच्या आत फोडतील, असे धाकटीचे भाकीत आहे.

बांधणी करताना आता आम्ही एक छोटा व्हिडिओ घेतो, पण तो आमच्या हातांचा. प्रत्येक मडके तळहातावर घेऊन टिचकी मारायची आणि तो नाद मोबाइलमध्ये उतरवून गिऱ्हाइकाला पाठवून द्यायचा. पुरावा म्हणून त्याची किंमत कोर्टात किती ठरेल कोण जाणे. थोरलीच्या यजमानांच्या मते शून्य. पण तो पाठवू लागल्यापासून तक्रारींची भाषा बदलली आहे. ‘फुटके पाठवले’ असे लिहिणारे आता ‘वाटेत फुटले’ असे लिहितात.

गेल्या वर्षी त्याच बंगळूरच्या पत्त्यावरून, त्याच नावाने, दह्याच्या बारा मडक्यांची मागणी आली. मागचा उल्लेख एका शब्दाने नाही. धाकटी म्हणाली, पाठवू नये. थोरली म्हणाली, बारसे असेल. किंमत पाचशेच्या वर होती, म्हणजे ठरावाप्रमाणे निर्णय धाकटीचा. तिने दिवसभर घेतला, आणि संध्याकाळी स्वतःच दुहेरी खोके बांधायला बसली. लाल दोरा या खेपेला बांधावा की नाही यावर थोडी चर्चा झाली. बांधला. मडकी पोचली, आठ दिवसांनी चार तारे आले, आणि खाली इंग्रजीत लिहिले होते की दही घट्ट लागते.